तीन हजार लोकांना विचारून 'ब्रिटिश समाज बदलला' असं कसं म्हणतात?

तुमची शंका अशी की ब्रिटनची लोकसंख्या साडेसहा कोटींच्या वर, मग जेमतेम तीन हजार जणांच्या उत्तरांवर विश्वास का ठेवायचा? लोकांच्या खरेदीच्या सवयी बदलल्या हे कसं कळतं, हेही तुम्ही विचारलंत. मी सामाजिक सर्वेक्षणांची आकडेवारी शिकवते आणि या विषयावर माझा फार जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शितावरून भाताची परीक्षा होतेच. पातेलं मोठं असलं म्हणून जास्त शितं चेपावी लागत नाहीत, फक्त ती एकाच कडेची नसावीत. १९८३ पासून चालत आलेलं, ब्रिटिश लोकांची सामाजिक मतं विचारणारं 'ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स' हे सर्वेक्षण नेमकं तेच सांभाळतं. टपालाच्या पत्त्यांच्या यादीतून घरं यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, निवडली जातात. घरी जाऊन मुलाखती व्हायच्या तेव्हा, घरात दोन-तीन प्रौढ असले तर कोणाला विचारायचं हेही आधी ठरलेल्या नियमाने ठरायचं. हा नाही तर शेजारचा, अशी सोय मुलाखतकाराला नसायची. अशा नमुन्यात, म्हणजे निवडलेल्या लोकांच्या गटात, दोन-तीन टक्के इकडे-तिकडे होऊ शकतात, त्यामुळे एका वर्षात दोन टक्क्यांनी वाढ झाली अशा मथळ्यांकडे मी तरी लक्ष देत नाही.

पण खरी ताकद आकड्यांपेक्षा प्रश्नात आहे. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, वर्षानुवर्षं विचारणं! पुरुषाचं काम पैसे कमावणं आणि बाईचं काम घर-कुटुंब सांभाळणं, हे १९८७ मध्ये ४८ टक्के लोकांना मान्य होतं. २०२२ मध्ये फक्त ९ टक्क्यांना. मध्येच कोणी प्रश्न 'सुधारला' असता, तर मत बदललं की प्रश्न बदलला हे कळायला मार्गच उरला नसता.

हा बदल सरळ रेषेतही होत नाही. समलिंगी संबंधांत काहीच गैर नाही असं १९८३ मध्ये १७ टक्के लोक म्हणाले. १९८७ मध्ये तो आकडा ११ वर आला. एड्सची भीती पसरली होती तो काळ. पुढच्याच वर्षी शाळांमध्ये समलैंगिकतेच्या 'प्रचारा'वर बंदी घालणारं कलम २८ आलं. २०२२ मध्ये हाच आकडा ६७ टक्के. इथे तरुणांबरोबर वयस्क लोकांनीही आपलं मत बदललं. धर्माचं तसं नाही. आपण कोणत्याच धर्माचे नाही असं सांगणारे १९८३ मध्ये ३१ टक्के होते, २०१८ मध्ये ५२ टक्के. त्यात माणसं बदलली असं फारसं झालं नाही. धार्मिक पिढी काळाआड गेली आणि तिच्या जागी कमी धार्मिक पिढी आली. वरून दोन्ही आलेख सारखेच दिसतात, म्हणून वयोगटांचे तक्ते उघडून पाहिल्याशिवाय 'लोकांची मतं बदलली' असं म्हणू नये.

एक सावधगिरी मात्र हवी. कोविडमुळे २०२० पासून हे सर्वेक्षण घरी जाऊन घेण्याऐवजी मुख्यतः ऑनलाइन होऊ लागलं. समोर बसलेल्या माणसाला दिलेलं उत्तर आणि एकट्याने पडद्यावर दिलेलं उत्तर यांत फरक पडू शकतो, त्यामुळे त्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे जोडताना मी छोट्या फरकांवर निष्कर्ष काढत नाही. आणखी एक, तीन हजारांत भारतीय वंशाची माणसं इतकी थोडी येतात की तिथल्या मराठी किंवा गुजराती लोकांचं मत यातून काढताच येत नाही. त्यासाठी वेगळा, मोठा नमुना घ्यावा लागतो.

खरेदीच्या सवयींचं विचारलंत, तर तिथे मतांपेक्षा खर्च पाहणं बरं. ब्रिटनचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय महागाई मोजण्यासाठी वस्तूंची एक 'टोपली', म्हणजे यादी, ठेवतं आणि लोक कशावर पैसे घालतात ते पाहून ती दरवर्षी बदलतं. २०२२ मध्ये तिच्यातून पुरुषांचा सूट गेला आणि त्याऐवजी फॉर्मल जॅकेट आलं, कारण घरून काम करणारे वाढले. २०२४ मध्ये हात निर्जंतुक करण्याचं जेल बाहेर पडलं, एअर फ्रायर आत आला आणि १९९२ नंतर पहिल्यांदा ग्रामोफोनच्या तबकड्या परतल्या.

स्वतः तपासायचं असेल तर या सर्वेक्षणाची मूळ आकडेवारी एसेक्स विद्यापीठातल्या यूके डेटा आर्काइव्हमार्फत अभ्यासासाठी मिळते. उघडल्यावर टक्केवारीच्या आधी प्रश्नावली वाचा.