अवकाश-कादंबरीसाठी मिरज जंक्शनसारखी एक आडबाजूची ग्रहमाला रचायची आहे. सुरुवात कुठून करू?

तुम्हाला सांगलीकरांच्या वंशजांची वस्ती असलेली किरकोळ ग्रहमाला हवी आहे, नायकाचं जहाज तिथं आठवडाभर अडकतं आणि आकडे कुणी खोडून काढू नयेत, असं तुम्ही लिहिलंय. मग आधी ताऱ्याचं वस्तुमान ठरवा. मनानं घ्यायची मुख्य गोष्ट तीच, बरंचसं त्यातूनच निघतं.

सूर्याच्या ०.२ पट वस्तुमानाचा लाल बटू (छोटा, मंद, लालसर तारा) घ्या. उजेड सूर्याच्या साधारण ०.००५ पट. राहण्याजोगं अंतर म्हणजे या उजेडाचं वर्गमूळ, ०.०७ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), सुमारे एक कोटी पाच लाख किमी. वर्षासाठी एककांतल्या अंतराचा घन करा, सूर्याच्या पटीतल्या वस्तुमानानं भागा, वर्गमूळ काढा आणि ३६५ नं गुणा. येतात १५ दिवस. तिथलं वर्ष म्हणजे आपला पंधरवडा! अतिरेक वाटत असेल तर सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा ग्रह प्रॉक्झिमा सेंटॉरी बी ११.२ दिवसांतच फेरी मारतो.

आकार डोळ्यांपुढे यावा म्हणून अंगणात मांडून बघा. एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किमी. तारा लिंबाएवढा, त्यापासून एक मीटरवर मोहरीचा दाणा, हा तुमचा ग्रह. बारा मीटरवर, कुंपणापाशी, एक गोटी ठेवा. तो वायूचा मोठा ग्रह, ०.८ एककावर, वर्ष ५८४ दिवसांचं. चार प्रकाशवर्षांवरचा शेजारी तारा याच मापात सुमारे ३,८०० किमी दूर जातो, म्हणजे भारताच्या उत्तर-दक्षिण लांबीपेक्षाही (३,२१४ किमी) लांब.

बहुतेक जण सूर्यास्तात फसतात. इतक्या जवळच्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहते, आपल्या चंद्राची आपल्याकडे असते तशी. तिथं सूर्य मावळतच नाही. वस्ती उजेड-अंधाराच्या सीमेवर ठेवा: साताऱ्यातून बघताना सूर्य यवतेश्वरच्या डोंगराला टेकला आणि तिथंच अडकला, असं कायमचं दृश्य. तो आपल्या सूर्याच्या तिप्पट रुंद दिसेल. रंग मात्र रक्तासारखा नको. ताऱ्याचं तापमान ३,२०० केल्विन म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बच्या आसपासचा उजेड. अशा ताऱ्यांवर ज्वाळा उसळतात, त्यामुळे घरं डोंगराच्या सावलीच्या बाजूला. आणि आकाशात दोन चंद्र टांगू नका. आपला चंद्र असतो तितक्या अंतरावर तिथं चंद्र टिकत नाही, तारा तो ओढून नेतो. फार जवळ ठेवला तर भरती-ओहोटीच्या ओढीनं तो हळूहळू ग्रहाकडे घसरत येतो.

आता जहाजं तिथं थांबतात कशाला? मिरजेला एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज तिन्ही होते. गेज बदलला की माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. तुमच्याकडेही तसंच करा. ताऱ्या-ताऱ्यांत फिरणारी मोठी जहाजं आत येत नाहीत, माल छोट्या जहाजांत चढतो, इंधन भरलं जातं. एवढं एक कारण पुरतं. खनिजांच्या खाणी वगैरे घालू नका, त्या सगळ्याच कादंबऱ्यांत असतात. नावंही आपलीच ठेवा: मोहरीवाला ग्रह खुर्द, गोटीवाला बुद्रुक.

इंधनासाठी हायड्रोजन बुद्रुकच्या वातावरणातून उपसायचा मोह होईल. पण गुरूसारख्या ग्रहावरून सुटायला सेकंदाला साठेक किमी वेग लागतो. शनीच्या एन्सेलाडस या छोट्या चंद्रावरून पाव किमीसुद्धा लागत नाही. म्हणून बुद्रुकच्या एखाद्या बारक्या चंद्रावरचं बर्फ घ्या, हायड्रोजन त्याच्या पाण्यातून काढा. ऊन तिथं शनीपेक्षाही कमी पोचतं, त्यामुळे बर्फाला तोटा नाही.

शेवटी तुमचा आठवडा: नायक खुर्दवर बुद्रुकहून येणाऱ्या इंधनाची वाट बघत अडकतो. खुर्द ते बुद्रुक सरासरी बारा कोटी किमी. निम्म्या वाटेपर्यंत वेग वाढवत, पुढं कमी करत गेलं तर लागणारा वेळ = दोन गुणिले (अंतर भागिले त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर) यांचं वर्गमूळ. पृथ्वीच्या गुरुत्वाएवढं त्वरण धरलं तर अडीच दिवस. पण बर्फाचा टँकर इतका जोर लावणार नाही. त्याला दहावा भाग द्या, मग आठ दिवस. नायकाचा निरोप पावणेसात मिनिटांत पोचतो, टँकर मात्र पुढच्या आठवड्यात.