जुन्या बसची कॅम्पर केली आहे; पंखे, फ्रिज, दिव्यांसाठी कोणती बॅटरी घ्यावी?

इंजिन स्टार्टची बॅटरी यासाठी वापरू नका. तिच्या पातळ प्लेट क्षणभर मोठा करंट देण्यासाठी असतात. रोज निम्मी रिकामी केली की लवकरच बसते. कॅम्परमधल्या वापरासाठी वेगळी डीप-सायकल बॅटरी हवी, म्हणजे रोज बरीच रिकामी करून पुन्हा भरता येणारी.

आधी हिशेब करा. फ्रिज दिवसाला 600 वॉट-तास, 28 वॉटचे दोन पंखे 8 तास म्हणजे 450, दिवे-पंप-मोबाइल 350. एकूण 1400. बस बहुधा 24 व्होल्टची, म्हणजे साधारण 58 अँपिअर-तास. ट्युब्युलर (नळीसारख्या प्लेटची लेड-ॲसिड बॅटरी) निम्म्याच्या खाली नेऊ नये, म्हणून 12 व्होल्ट 150 अँपिअर-तासाच्या दोन सिरीजमध्ये. स्वस्त, पण वजन प्रत्येकी पन्नास किलोच्या पुढे, हेलकाव्यात ॲसिड सांडतं आणि चार्जिंगमध्ये निघणारा हायड्रोजन बाहेर काढायला हवा. झोपायच्या जागेखाली तर नकोच. माझं मत: पैसे असतील तर 25.6 व्होल्ट 100 अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, 80 टक्के बिनधास्त वापरता येते. मात्र ती थेट अल्टरनेटरला (इंजिनवर चालणाऱ्या जनित्राला) जोडू नका. बॅटरी सतत मोठा करंट ओढते आणि अल्टरनेटर जळू शकतो. मध्ये करंट मर्यादेत ठेवणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच.

12 व्होल्टच्या उपकरणांसाठी सिरीजमधल्या दोनपैकी एकाच बॅटरीवरून वीज काढणं ही नेहमीची चूक. ती कायम अर्धवट चार्ज राहते, दुसरी ओव्हरचार्ज होते. 24 ते 12 कन्व्हर्टर लावा. 1500 वॉटच्या इन्व्हर्टरला 25 चौरस मिमी तांब्याची केबल, 100 अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.

ट्युब्युलर जोडी घेताना एकाच बॅचची घ्या, उत्पादनाची तारीख पाहा, दुकानातच मीटर लावा: 12.5 व्होल्टखाली असेल तर परत करा.