न विकलेली गाडी कोणाच्या खात्यावर? छोट्या गावातील कौटुंबिक मोटार-डीलरशिपविषयी

आपण विचारले आहे की, मोटारी बनवणाऱ्या प्रचंड कंपन्यांनी विक्रीचे काम लहान गावांतल्या एकेका कुटुंबाच्या हाती का सोपवले, आणि अशी एखादी डीलरशिप आजोबांकडून नातवापर्यंत पोहोचते तेव्हा ती नेमकी कशाच्या बळावर टिकलेली असते. यावर सहसा ‘गावातला विश्वास’ असे उत्तर दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. हिशेबतपासणीत आयुष्य गेल्यामुळे असेल, मला या इतिहासात पहिल्यापासून एकच प्रश्न दिसत आला आहे: तयार झालेली, परंतु अजून गिऱ्हाइकाकडे न गेलेली गाडी कोणाच्या खात्यावर उभी आहे? ही पद्धत अमेरिकेत घडली, म्हणून उदाहरणेही तिथलीच घेतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डेट्रॉइटमध्ये दुकान थाटणारे विल्यम मेट्झगर हे तिथले पहिले स्वतंत्र मोटारविक्रेते मानले जातात. त्या काळातील बहुतेक कारखान्यांजवळ भांडवल बेताचे होते. ते सुटे भाग उधारीवर आणत, जोडणी करून गाडी उभी करत आणि ती रोखीने विकून उधारी फेडत. ही रोख रक्कम आगाऊ देणारा माणूस म्हणजे डीलर. गावोगावी दुकाने उघडण्याइतका पैसा कंपनीकडे नव्हता. तो गावातच कोणाकडे तरी होता, आणि तो बहुधा सायकली, घोडागाड्या किंवा शेतीची अवजारे विकणाऱ्याकडे होता. १८५२ मध्ये साउथ बेंड येथे सुरू झालेली स्टुडबेकर ही कंपनी तर मुळात घोडागाड्याच बनवत असे, त्यामुळे मोटारींकडे वळताना तिला विक्रेत्यांचे जाळे आयतेच मिळाले. थोडक्यात, डीलर हा प्रथमपासून कंपनीचा विक्रेता कमी आणि बिनव्याजी सावकार अधिक होता.

हे नाते किती एकतर्फी होते, ते १९२०-२१ च्या मंदीत उघडे पडले. हेन्री फोर्ड यांचे ‘मॉडेल टी’ १९०८ मध्ये बाजारात आले आणि १९१३ पासून हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जोडणी सुरू झाली. सरकता पट्टा एकदा उभा केला की तो वर्षभर चालत राहावा लागतो, मागणी मात्र हंगामी असते, कारण हिवाळ्यात कच्चे रस्ते बंद पडले की गाडी घ्यायला कोण येणार? मधल्या महिन्यांतील गाड्या डीलरच्या शेडमध्ये जाऊन उभ्या राहत. १९१९ मध्ये फोर्ड यांनी इतर भागधारकांचे हिस्से विकत घेण्यासाठी सुमारे साडेसात कोटी डॉलरचे कर्ज काढले होते आणि त्याची परतफेड तोंडावर असतानाच मागणी कोसळली. तेव्हा कंपनीने मागणी नसतानाही गाड्या आगगाडीने डीलरांकडे रवाना केल्या. पैसे भरल्याशिवाय माल ताब्यात मिळत नसे. आपल्याकडच्या जुन्या व्यापाऱ्यांच्या भाषेत सांगायचे तर ही दर्शनी हुंडीच (समोर येताच पैसे चुकते करावे लागणारी) होती. माल नाकारावा तर एजन्सी जाण्याची भीती, घ्यावा तर अंगावर पडणार. मग डीलरांनी आपापल्या गावच्या बँकांचे उंबरठे झिजवले. फोर्ड यांनी मोठ्या बँकांपुढे हात न पसरता कर्ज फेडले, हे कौतुकाने सांगितले जाते. ते कर्ज हजारो छोट्या कर्जांत वाटले जाऊन गावोगावच्या घरांत शिरले, हे फारसे सांगितले जात नाही.

जनरल मोटर्सचा मार्ग अधिक शहाणपणाचा होता, असे माझे मत आहे. या कंपनीने १९१९ मध्येच कर्ज देणारी स्वतःची संस्था काढली. ती गिऱ्हाइकाला हप्त्यांवर गाडी देई आणि डीलरला शोरूममधील मालावर पैसे पुरवी. गाडी विकली गेली की डीलरने मुद्दल फेडायचे आणि तोवर व्याज भरत राहायचे, ही आज सर्वत्र रुळलेली रीत तेव्हा पक्की झाली. १९२३ मध्ये अध्यक्षपदी आलेल्या आल्फ्रेड स्लोन यांनी पुढच्याच वर्षी एका दौऱ्यात डीलरांची आवारे न विकलेल्या गाड्यांनी भरलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि उत्पादन तातडीने कमी करायला लावले. त्यानंतर दर १० दिवसांनी किती गाड्या विकल्या आणि किती शिल्लक आहेत, याचा अहवाल डीलरकडून मागवण्याची पद्धत बसवण्यात आली. कारखान्यातून बाहेर पडली म्हणजे गाडी विकली गेली असे नव्हे, ही साधी गोष्ट हिशेबात यायला उद्योगाला २० वर्षांहून अधिक काळ लागला. १९२९ मध्ये याच कंपनीने होतकरू पण भांडवल नसलेल्या माणसाला स्वतःचे पैसे घालून डीलर म्हणून उभे करण्याची योजना आणली, ज्यात तो नफ्यातून हळूहळू कंपनीचा हिस्सा विकत घेऊन स्वतः मालक होत असे. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या सगळ्याच डीलरशिप घरच्या श्रीमंतीवर सुरू झाल्या, हा समज म्हणूनच बरोबर नाही.

आता आपल्या प्रश्नाच्या मर्माकडे येतो, आणि ते मर्म नव्या गाडीत नसून जुन्या गाडीत आहे. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ज्यांना परवडत होती अशा बहुतेकांकडे गाडी आली होती, त्यामुळे पुढचे गिऱ्हाईक नवी गाडी घ्यायला येताना आपली जुनी गाडी बदल्यात घेऊन येऊ लागले. दरवर्षी नवे मॉडेल आणण्याच्या स्लोन यांच्या धोरणाने हा ओघ आणखी वाढवला. येथे डीलरचे काम मुळातून बदलते. नव्या गाडीची खरेदी-किंमत कंपनी ठरवते. जुन्या गाडीची किंमत मात्र त्याला स्वतःच्या अंदाजावर, समोर गिऱ्हाईक बसलेले असताना, काही मिनिटांत ठरवावी लागते. ती थोडी चढी लागली की नव्या गाडीवरचा सगळा नफा जुनीत बुडतो, आणि कमी लागली तर गिऱ्हाईक शेजारच्या गावी जाते. छोट्या गावातील कुटुंबाला फायदा मिळतो तो नेमका येथे. ही गाडी कोणी चालवली, तिला अपघात झाला होता का, तेल वेळेवर बदलले होते का, हे त्याला ठाऊक असते, कारण गेली सहा वर्षे ती त्याच्याच वर्कशॉपमध्ये येत असते. शिवाय ती पुढे कोणाला खपेल, कोणाचा मुलगा नोकरीला लागला आहे आणि त्याला स्वस्तात गाडी हवी आहे, हेही त्याला माहीत असते. ‘विश्वास’ म्हणून जे सांगितले जाते ते बऱ्याच अंशी ही माहिती आहे, आणि ती कोणत्याही वहीत नसल्यामुळे बापाकडून मुलाकडे दुकानात वावरतच पोहोचते.

दुसरा आधार वर्कशॉपचा. सुटे भाग आणि दुरुस्ती यांच्या नफ्यातून दुकानाचा ठरलेला मासिक खर्च किती भागतो, हा आकडा मी कोणत्याही डीलरशिपच्या हिशेबात सर्वांत आधी शोधतो. महामंदीत १९२९ ते १९३२ या काळात अमेरिकेतील मोटारींचे उत्पादन सुमारे चतुर्थांशावर आले. फेब्रुवारी १९४२ मध्ये तर युद्धासाठी खासगी गाड्यांची निर्मितीच थांबवण्यात आली. विकायला नवी गाडीच नाही, अशा काळात जी दुकाने उघडी राहिली ती प्रामुख्याने मेकॅनिक आणि जुन्या गाड्या यांच्या जोरावर. घरातलीच माणसे कामाला असल्याने पगार पुढे ढकलता येतो, ही सोयही कमी महत्त्वाची नाही. अर्थात घरच्यांचे असे फुकटचे श्रम नफ्यात मिसळून गेलेले असतात आणि ते वेगळे काढले, तर कित्येक ‘फायद्यातल्या’ दुकानांचे खरे चित्र निराळे निघेल.

वारसाहक्काची बाजू अनेकांच्या लक्षात येत नाही. इमारत, जागा, अवजारे ही कुटुंबाची मालमत्ता असते. नव्या गाड्या विकण्याचा अधिकार मात्र करारातून आलेला असतो. १९५० च्या दशकापर्यंत हे करार बरेचदा एका वर्षाचे असत आणि कंपनीला ते मनाप्रमाणे संपवता येत. अशा करारावर २० वर्षांचे कर्ज काढून इमारत कोण बांधणार, आणि मुलाच्या नावे ठेवणार तरी काय? युद्धानंतरची टंचाई संपल्यावर कंपन्यांनी पुन्हा मागणीपेक्षा जास्त गाड्या डीलरांच्या गळ्यात मारायला सुरुवात केली, तेव्हा तक्रारी सिनेटपर्यंत गेल्या आणि ऑगस्ट १९५६ मध्ये कायदा होऊन, सद्भावनेने न वागणाऱ्या कंपनीविरुद्ध न्यायालयात नुकसानभरपाई मागण्याचा हक्क डीलरला मिळाला. त्याच वर्षी जनरल मोटर्सने कराराची मुदत पाच वर्षांवर नेली. पुढे राज्याराज्यांच्या कायद्यांनी वारसदार नेमण्याचे आणि करार टिकवण्याचे संरक्षण वाढवले. तिसरी पिढी दुकानात दिसते त्यामागे हे कायदे आहेत, निव्वळ घराण्याची चिकाटी नव्हे. तरीही भावंडांच्या वाटणीचा पेच सुटत नाही, कारण ताळेबंदातील मालमत्तेच्या वर जी जादा किंमत एजन्सीच्या नावाला मिळते (तिकडचे लोक तिला ‘ब्ल्यू स्काय’, म्हणजे निळे आकाश म्हणतात), ती दुकान विकल्याशिवाय हाती येत नाही आणि एक भाऊ दुकान चालवत असताना दुसऱ्याचा त्या आकाशातला वाटा द्यायचा कसा, हे कोणताच कायदा सांगत नाही.

कंपनीच बुडाली तर काय, याचे उदाहरण मिशिगनमधील इप्सिलांटी या गावात आहे. हडसन ही मोटार कंपनी १९५४ मध्ये नॅश या दुसऱ्या मोटार कंपनीत विलीन झाली आणि १९५७ नंतर हडसन नावाची गाडीच निघाली नाही. तेथील पितापुत्रांचे हडसन गाड्यांचे दुकान मात्र सुटे भाग व दुरुस्तीवर चालत राहिले. आता ते संग्रहालय आहे.

नंतरच्या काळातील दोन धक्क्यांपैकी पहिला व्याजाचा होता. डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकेतील बँकांचा मूळ कर्जदर २१.५ टक्क्यांवर गेला, आणि शोरूममध्ये उभी असलेली प्रत्येक गाडी दिवसागणिक डीलरचा नफा खाऊ लागली. दुसरा धक्का २००९ चा. दिवाळखोरीत गेलेल्या क्रायस्लरने १४ मे रोजी ७८९ डीलरांची यादी जाहीर केली. त्यांचे करार ९ जूनपासून संपणार होते. शिल्लक गाड्या आपण परत घेऊ शकत नाही, इतर डीलरांकडे वळवायला मदत करू, असे कंपनीने कळवले. १९२१ मध्ये आगगाडीने आलेला माल आणि २००९ मध्ये आवारात अडकलेला माल यांत मला तरी तत्त्वाचा फरक दिसत नाही.

शेवटी नेब्रास्का राज्यातील पिअर्स या दोन हजारांहून कमी वस्तीच्या गावातील दांपत्याचे उदाहरण देतो. त्यांनी १९४६ ते १९९६ अशी ५० वर्षे शेवरलेची डीलरशिप चालवली. वर्ष संपताना उरलेल्या नव्या गाड्या मोठी सूट देऊन काढून टाकण्याऐवजी मालक त्या बाजूला ठेवून देत, आणि बदल्यात आलेल्या जुन्या गाड्याही बऱ्याच राखून ठेवत. सप्टेंबर २०१३ मध्ये लिलाव झाला तेव्हा सुमारे ५०० गाड्या निघाल्या. त्यांतील काही कधीच विकल्या गेलेल्या नव्हत्या. १९५८ च्या एका शेवरले पिकअपवर एकूण अंतर सव्वा मैलाच्या आसपास नोंदलेले होते. कंपनीच्या वहीत मात्र ती ५५ वर्षांपूर्वीच विकली गेली होती.