१० टक्क्यांचा दाखला मिळालाय? संघटनेकडे जाण्याआधी फिल्ड टेस्ट करा

राजापूर तालुक्यातून तुम्ही लिहिलं आहे की पुतण्या नववीत आहे, त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा (डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा आजार) आहे, चष्मा लावून उजवा डोळा ६/१८, डावा ६/६० (म्हणजे साध्या नजरेला १८ किंवा ६० मीटरवरून वाचता येतं ते त्याला ६ मीटरवरून). दिवसा वाचतो, पण दिवेलागणीनंतर अंगणातली पायरीसुद्धा त्याला दिसत नाही. शिबिरात १० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला हातात पडला. आता मुंबई-पुण्याच्या कुठल्या अंध संघटनेकडे गेलं तर ते टक्के वाढवून देतील का, असं तुम्ही विचारता. हे वाचून राहवलं नाही, म्हणून लांबलचक लिहितो आहे. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. नियम बदलतात, तेव्हा जाण्याआधी एकदा खात्री करून घ्या.

आधी स्पष्ट सांगतो, टक्के कुठलीच संघटना वाढवून देत नाही, आणि तसं सांगून कोणी पैसे मागितले तर तिथून उठून या. टक्के ठरवतं ते वैद्यकीय मंडळ. आणि तुमच्याकडे होते तेवढेच कागद त्यांच्यापुढे गेले असतील तर १० हा आकडा तक्त्याप्रमाणे बरोबरच आहे. केंद्राच्या तक्त्यात आधी चांगला डोळा बघतात, तोही चष्म्यासकट. चांगला डोळा ६/१८ किंवा त्याहून बरा आणि दुसरा ६/२४ ते ६/६० असला की १०. दुसरा डोळा ३/६० च्याही खाली गेला, अगदी पूर्ण गेला, तरी ३०च. सवलती सुरू होतात ४० पासून. म्हणजे फक्त भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावला तर या आजाराचा मुलगा बाहेरच राहणार, कारण या आजारात मधली नजर बहुधा बराच काळ टिकते आणि कडेची आधी जाते. नळीतून बघितल्यासारखं दिसतं. ६/१८ वाचणारा मुलगा गडग्यावर (दगडी कुंपणावर) आपटतो तो यामुळेच.

त्याच तक्त्यात दृष्टिक्षेत्राचे, म्हणजे नजर एका जागी रोखून आजूबाजूचं किती दिसतं त्याचे, वेगळे निकष आहेत, आणि ते ‘किंवा’ म्हणून आहेत. नजर कितीही असो, क्षेत्र ४० अंशांच्या खाली ते २० पर्यंत असेल तर टक्के ४० पासून पुढे. २० च्या खाली ते १० पर्यंत असेल तर ७० पासून. १० अंशांच्याही खाली गेलं तर ९०, आणि कायद्याच्या भाषेत ते ‘अंधत्व’. हे कळण्यासाठी फिल्ड टेस्ट लागते, डॉक्टर तिला पेरिमेट्री म्हणतात. शिबिरात ते यंत्र बहुधा नसतंच. कागद समोर नसेल तर मंडळ क्षेत्र गृहीत धरत नाही. आमच्या घरी दोन वर्षं वाया गेली ती एवढ्याच एका कागदापायी, म्हणून जीव तोडून सांगतो की हा कागद पहिला करा, बाकी सगळं नंतर.

टेस्ट कशी करून घ्यायची तेही महत्त्वाचं. दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी करायची. मुलगा झोप झालेला, खाल्लेला असावा. पहाटेच्या एसटीने ताटकळत नेऊन दुपारी बसवलात तर रिपोर्ट बिघडतो. एका डोळ्याला पाच ते दहा मिनिटं समोरच्या ठिपक्यावर नजर रोखून बसायचं आणि कडेला उजेड चमकला की बटण दाबायचं. मुलं तो उजेड शोधायला डोळा फिरवतात. छापील रिपोर्टवर ‘फिक्सेशन लॉसेस’ असा रकाना असतो, तो २० टक्क्यांच्या वर गेला की यंत्र स्वतःच खूण करतं आणि मंडळ म्हणतं, रिपोर्ट भरवशाचा नाही. तेव्हा टेस्ट घेणाऱ्याला आधी सांगा की एक सराव होऊ द्या, आणि रकाना बिघडला तर त्याच दिवशी विश्रांती देऊन पुन्हा घ्या. डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब टाकायच्या आधी टेस्ट करा. जवळचा नंबर असेल तर ती काच यंत्रात बसवून घ्या. ती डोळ्यापासून लांब राहिली तर तिच्या कडेचीच सावली रिपोर्टमध्ये येते. रिपोर्टवर नाव, तारीख, डोळा डावा की उजवा, आणि डॉक्टरांची सही-शिक्का तिथेच उभं राहून तपासा. ईआरजी (डोळ्याच्या पडद्याची विद्युत तपासणी) झालेला असेल तर तोही जोडा, आजाराचं नाव त्याने पक्कं होतं.

मग जिल्हा रुग्णालयात फेरतपासणीचा लेखी अर्ज. तोंडी काही बोलू नका. आम्हाला एका कार्यालयात खिडकीवरच सांगण्यात आलं, ‘एकदा टक्के लागले की बदलत नाहीत, सहा महिन्यांनी बघू’. कायद्यात असं काही नाही. पण ते वाक्य कागदावर नव्हतं, म्हणून त्याविरुद्ध दादही मागता आली नाही. खिडकीवरच्या त्या बाईंचं नाव मला आजही घ्यायचं नाही, पण एका वाक्याने मुलाचं अख्खं शैक्षणिक वर्ष जातं हे खिडकीमागे बसणाऱ्यांना कळायला हवं. तुम्ही अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्या. घेत नसतील तर वाद घालू नका, पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम ५८ सांगतं की दाखला द्या किंवा नाकारला तर लेखी कळवा. मंडळाचा निर्णय पटला नाही तर कलम ५९ खाली अपील आहे. या दोन्हींसाठी पोच लागतेच.

नवा दाखला मिळाला की त्याच जागी उभे राहून दोन ओळी वाचा. एक, आजार ‘वाढत जाणारा’ आहे असं लिहिलंय का. तिथे ‘सुधारण्याची शक्यता’ वर खूण झाली तर दाखला मुदतीचा निघतो आणि ऐन दहावीच्या तोंडावर संपतो. दोन, नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का. बाकी युडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) फॉर्म भरणं सोपं आहे, त्यात वेळ घालवत नाही. आत्ता तुमच्याकडे पांढरं कार्ड असेल, ते ४० च्या खालच्यांचं. ४० पासून पिवळं, ८० पासून निळं.

आता संघटनांचं. राज्यभर काम करणाऱ्यांत दोन जाती आहेत, आणि लोक त्या एकत्र करतात. नॅबसारखी संस्था (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, १९५२, मुंबई) मुख्यतः सेवा देते. ब्रेल, बोलकी पुस्तकं, प्रशिक्षण, काठी. दुसऱ्या संघटना अंधांनी स्वतः चालवलेल्या, हक्कांसाठी भांडणाऱ्या. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड १९७० ची. सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण एकूण रिक्त पदांवर मोजायचं, हा सर्वोच्च न्यायालयाचा ८ ऑक्टोबर २०१३ चा निकाल त्यांच्याच प्रकरणातला. माझं मत असं: काठी आणि वाचन शिकायचं तर पहिल्यांकडे, कागद अडला तर दुसऱ्यांकडे. अपिलाचा मसुदा आणि राज्य दिव्यांग आयुक्तांकडे (कार्यालय पुण्यात) करायची तक्रार त्यांच्याकडून नीट लिहून मिळते. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. पण जाताना फाइल तारखेप्रमाणे लावून न्या: रिपोर्ट, जुना दाखला, अर्ज, पोच. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढंच घेऊन गेलेल्यांना फक्त सहानुभूती मिळते.

दहावीचं आत्तापासून बघा. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मुलांचा परीक्षेतल्या सवलतींचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत कोकण विभागीय मंडळाकडे, रत्नागिरीला जातो. परीक्षेचा फॉर्म भरतानाच तो द्या, हॉल तिकीट आल्यावर धावू नका. तासाला २० मिनिटं जादा वेळ, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक (सांगितलेलं उत्तर लिहून देणारा) खालच्या इयत्तेतला लागतो. तो घरचा नको, आणि किमान महिनाभर त्याच्याबरोबर जुने पेपर सोडवून घ्या. उत्तर सांगणं ही वेगळी विद्या आहे, विरामचिन्हांसकट सांगायला शिकावं लागतं. गणित सोडायला कोणी सुचवलं तर, माझ्या मते, सोडू नका, पुढची बरीच दारं त्याने बंद होतात. हा सल्ला सगळ्यांना पटणार नाही, ठीक आहे.

अंधांच्या पांढऱ्या काठीबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. दिसतंय तोवर मुलं काठी घ्यायला लाजतात, पण संध्याकाळसाठी ती आत्ताच शिकलेली बरी. उंची छातीच्या मधल्या हाडापर्यंत. आपल्याकडे घडीच्या काठीतली इलास्टिक दोरी खाऱ्या दमट हवेने लवकर सैल पडते, तेव्हा एक जादा दोरी आणि दोन जादा टोकं घेऊन ठेवा. पाखाडीवर (दगडी पायवाटेवर) आणि जांभ्याच्या खडबडीत वाटेवर साधं बारीक टोक अडकतं, गोल फिरणारं टोक बरं. पावसाळ्यात त्यात लाल माती बसते आणि ते फिरायचं थांबतं, म्हणून घरी आल्यावर बादलीत बुडवून धुवायचं. पावसात छत्री नको, रेनकोट द्या. एक हात काठीला, दुसरा मोकळा हवा, आणि छत्रीवरच्या पावसाच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. साकव (ओढ्यावरचा अरुंद पूल) असेल त्या वाटेने संध्याकाळी एकट्याला पाठवू नका, काठी आली तरी.

घराच्या पायऱ्यांच्या कडेला दोन इंच रुंद पिवळा ऑइल पेंट मारा. चुना पहिल्या पावसातच धुऊन जातो. विहिरीच्या कठड्यालाही तोच पट्टा. रंग पावसाआधी, जांभा पूर्ण सुकलेला असताना लावा, नाहीतर पापुद्रे निघतात.

टेस्ट झाली की दोन्ही डोळ्यांचे अंश आणि तो फिक्सेशनचा आकडा इथे लिहा. नाव झाकून रिपोर्टचा फोटो टाकलात तरी चालेल, अर्जात काय लिहायचं ते बघून सांगतो.