१४ वर्षं सर्व्हिसिंग नाही, तरी जनरेटर दोन दोऱ्यांत सुरू होतो. ही छोटी इंजिनं इतकी टिकतात कशी? आता ऑइल बदलून एकदा पूर्ण खोलून घेऊ का?

ऑइल बदला, अर्ध्या तासाचं काम आहे. खोलू मात्र नका. तुमच्या प्रश्नातला तो "खोलून घेऊ का" वाचला म्हणूनच लिहायला बसलो.

आमच्याकडे असाच एक होता. १६० सीसीच्या आसपासचं, एका सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन. १६ वर्षं जिन्याखाली पडून असायचा. वीज गेली की बाहेर ओढायचा, चोक द्यायचा, दोरी मारायची. माझे मेहुणे दर भेटीत त्याची डिपस्टिक काढायचे, पुसायचे आणि काही न बोलता माझ्याकडे बघायचे.

एकदा चार दिवस राहायला आले. मी कामावरून परतलो तर वर्तमानपत्रावर कार्ब्युरेटर, टाकी, सायलेन्सर, सगळं ओळीने मांडलेलं. "बघा, किती काजळी!" काजळी होती, नाही कशाला म्हणू? सायलेन्सरमध्ये काजळी नाही तर काय असणार?

रात्रीपर्यंत जोडून झालं. एक स्क्रू उरला, तो म्हणे जादाचाच होता. मशीन कलतं ठेवून ऑइल भरल्यामुळे ते पाव लिटर तरी जास्त गेलं. सुरू केल्याबरोबर निळा धूर, आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ऑइल थेट एअर फिल्टरमध्ये. तेवढ्यावर भागलं असतं. पण आवाज चढायला लागला तो उतरेचना. ५० हर्ट्झच्या या जनरेटरांना मिनिटाला ३००० फेऱ्यांवर धरून ठेवतो तो गव्हर्नर, आणि त्याची बोटभर स्प्रिंग मेहुण्यांनी भलत्याच भोकात अडकवली होती. मी बटण बंद करेपर्यंत दोन बल्ब आणि एक चार्जर गेला. त्यावर मेहुणे काय म्हणाले? "इतकी वर्षं हयगय केली की असंच होणार." घरात अजूनही हीच आवृत्ती प्रचलित आहे.

तर, टिकतात कशी. एकतर ती चालतातच कुठे? तुमचा महिन्याला तास-दीड तास चालत असेल, म्हणजे १४ वर्षांत फार तर अडीचशे तास. ताशी ५० किलोमीटर धरा, साडेबारा हजार किलोमीटर झाले. एवढ्या पळालेल्या गाडीला कोणी म्हातारी म्हणत नाही. दुसरं, त्यांच्याकडून कोणी जीव काढून काम घेत नाही. गव्हर्नर वेग वाढू देत नाही, आणि आकाराच्या मानाने ताकद मुद्दामच कमी ठेवलेली असते. लिस्टर या ब्रिटिश कंपनीची जुनी सहा हॉर्सपॉवरची डिझेल इंजिनं तर ६५० फेऱ्यांवर चालायची. पिढ्या गेल्या तरी ती हटली नाहीत, त्यात या संथपणाचा मोठा वाटा आहे. तिसरं, आत बिघडण्यासारखं फारसं नाहीच. बहुतेकांत ऑइलचा पंपसुद्धा नसतो. पिस्टनला जोडलेल्या दांड्याच्या, कनेक्टिंग रॉडच्या, खालच्या टोकाला चमच्यासारखा भाग असतो, तो ऑइल उडवतो आणि तेवढ्यावर सगळं भिजतं. ठिणगी मॅग्नेटोची, म्हणजे फिरत्या चुंबकातून मिळणाऱ्या विजेची, त्यामुळे दोरीच्या मशीनला बॅटरीचंही दुखणं नाही.

आता हेही सांगायला हवं, नाहीतर कोणीतरी खाली लिहीलच. पंप नाही तसा ऑइल फिल्टरही नाही. धातूची झीज त्याच अर्ध्या-पाऊण लिटर ऑइलात फिरत राहते, म्हणून ते बदलायचं. या आकाराच्या मशीनच्या पुस्तिकेत साधारण पहिल्या २० तासांनी, मग दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, असं दिलेलं असतं. सहा महिन्यांचं मी कधी मनावर घेतलं नाही, तासांचं घ्या. इंजिन गरम असताना काढा, म्हणजे गाळ सोबत येतो. भरताना मशीन सपाट जमिनीवर हवं. महिनोन्‌महिने बंद ठेवणार असाल तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून टाका. शिळ्या पेट्रोलचा चिकटा जेटच्या भोकात बसतो आणि लोक इंजिन गेलं समजतात. टू-स्ट्रोकला यातलं ऑइलचं काहीच लागू नाही, त्याचं ऑइल पेट्रोलमध्येच.

शिवाय ज्यांची इंजिनं हयगयीने जाम झाली ती भंगारात गेली. ते लोक कशाला असा प्रश्न विचारतील? त्यामुळे माझ्या १६ वर्षांवर फार जाऊ नका. खरं तर त्या वर्षांत मी दोनदा ऑइल बदललं होतं. मेहुण्यांना कधी सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही, नुसतं बघितलं.

स्प्रिंग दुसऱ्या दिवशी मी जागेवर लावली, तेव्हापासून आवाज पूर्वीसारखा. दाजी, हे वाचत असाल तर, ती आतल्या भोकात होती.