पांघरूण दिलं, अंथरुणाचं काय?

प्रश्न : आमच्या गटाने उघड्यावर झोपणाऱ्यांना जाड ब्लँकेटं वाटली. आठवड्याभरात त्यातली बरीचशी ओली होऊन कोपऱ्यात पडलेली दिसली. या लोकांना मदत नकोच असते का?

उत्तर : हवी असते. पण जाड ब्लँकेट एकदा भिजलं की वाळवायचं कुठे? ते पाणी धरून जड होतं आणि दिवसभर वाहून न्यावं लागतं. जागेवर ठेवून गेलं तर कचरा म्हणून उचललं जातं. एका जाडऐवजी दोन पातळ, लवकर वाळणारी ब्लँकेटं द्या. सोबत ती कोरडी ठेवायला एक मोठी, दणकट प्लास्टिकची पिशवी.

त्याआधी मात्र खालचं बघा. अंगाखाली कापड दबतं, त्यातली हवा निघून जाते आणि जमीन ऊब ओढून घेते. म्हणून गुंडाळता येणारी, पाणी न शोषणारी, साधारण एक सेंटिमीटर जाडीची फोमची चटई वरच्या पांघरुणाइतकीच गरजेची आहे. ती नसेल तर खाली प्लास्टिक आणि त्यावर कोरड्या पुठ्ठ्यांचे तीन-चार थर. पुठ्ठा भिजला की बदलायला हवा, हे विसरू नका.

आणि मोजे! माणशी दोन जोड द्या, एक पायात, एक वाळत. ओल्या बुटांत पाय तासन्‌तास राहिला, तर बर्फासारखी थंडी नसतानाही तो पांढरा पडतो, सुरकुततो, बधिर होतो. असा पाय चोळू नका, शेकोटीजवळही नेऊ नका; बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. कोरडा करा, हळूहळू ऊब द्या आणि डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असलेल्यांच्या तळव्यावरची जखम तर अनेकदा दुखतही नाही, म्हणून मोजे देताना पायांबद्दल जरूर विचारा.

प्रश्न : थंडीत रात्री कुणी निपचित पडलेलं दिसलं तर?

उत्तर : पायांच्या बाजूला, जरा अंतरावर उभे राहून मोठ्याने हाक मारा. खांदा धरून एकदम हलवू नका. झोपेत मार खाल्लेला माणूस दचकून हात उगारतो, यात त्याचा दोष नाही. प्रतिसादच नसेल तर श्वास बघा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. बोलणं अडखळतंय, हालचाल अवघडली आहे, कडाक्याच्या थंडीत कुडकुडणंही थांबलंय, तरीही तेच करा. कुडकुडणं थांबलं म्हणजे ऊब आली असं समजू नका. तो धोक्याचा इशारा आहे. रुग्णवाहिका येईपर्यंत ओले कपडे काढा, अंगाखाली काहीतरी घाला, डोकं झाका. पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तरच कोमट, गोड पेय द्या. दारू अजिबात नाही. तिने कातडीला ऊब वाटते, पण शरीराची उष्णता बाहेर जाते.

प्रश्न : त्यांची कागदपत्रं आम्ही सांभाळावीत का?

उत्तर : मूळ कागद ताब्यात घेऊ नका. तुमची गाठ पडली नाही, तर नेमक्या गरजेच्या दिवशी त्यांचं काम अडेल. त्यांना विचारून प्रती काढा, त्यांच्याच हातात द्या, आणि झिप असलेलं पाणी न शिरणारं पाकीटही द्या. वाटपाला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळीच जा. ओळख पटली की लोक आपणहून सांगतात, कुठला कागद हरवलाय आणि कुठल्या खिडकीवरून परत पाठवलंय.