वाचकांचे प्रश्न : करार, हक्क, शाळा आणि ‘मी’

युरोपातील प्रबोधनकाळाच्या विचारवंतांवर आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : हॉब्ज, लॉक आणि रूसो या तिघांचाही ‘सामाजिक करार’ अभ्यासक्रमात आहे. उत्तर लिहायला बसलं की तिघं एकमेकांत मिसळतात. फरक पक्का कसा करायचा? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर)

उत्तर : राज्यसत्ता माणसांच्या आपसातल्या करारातून येते, ही तिघांची समान कल्पना. व्याख्या पाठ करू नका. तिघांनाही तेच चार प्रश्न विचारा. करारापूर्वी माणसाकडे काय होतं? त्यातलं तो काय सोडतो? कोणाच्या हाती देतो? दिलेलं परत मागता येतं का?

हॉब्जचा ‘लेव्हायथन’ १६५१चा, म्हणजे इंग्लंडची यादवी आणि राजाचा शिरच्छेद ताजा असतानाचा. राज्यसंस्था नसेल तर प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीवर हक्क, आणि म्हणून कोणालाच कशाची शाश्वती नाही. या भीतीपोटी माणसं आपसात करार करतात आणि सगळी सत्ता एका सार्वभौमाकडे, म्हणजे सर्वोच्च सत्ताधाऱ्याकडे, सोपवतात. सार्वभौम स्वतः या करारात पक्षकार नसतो, त्यामुळे त्याने ‘करार मोडला’ असं म्हणता येत नाही. मात्र जीव वाचवण्याचा हक्क माणूस कधीच सोडत नाही, आणि सार्वभौमाला संरक्षण देता येईनासं झालं की आज्ञापालनाचं बंधनही संपतं. विद्यार्थी हॉब्जला राजाच्या दैवी अधिकाराचा समर्थक ठरवतात, ती मोठी चूक आहे. त्याची सत्ता देवाकडून नाही, माणसांच्या संमतीतून येते, आणि ती एखाद्या सभेच्या हातीही असू शकते.

लॉकच्या शासनावरील दुसऱ्या निबंधात (१६८९) करारापूर्वीही नैसर्गिक कायदा, म्हणजे बुद्धीने कळणारे योग्य-अयोग्याचे नियम, आहे. उणिवा तीन : सर्वांना ठाऊक असलेला लिखित-निश्चित कायदा नाही, निःपक्षपाती न्यायाधीश नाही, निकाल अमलात आणणारं बळ नाही. म्हणून माणूस सोडतो ते प्रामुख्याने स्वतः शिक्षा करण्याचा अधिकार. शासन विश्वस्त असतं. विश्वासघात केला तर सत्ता लोकांकडे परत येते. लॉक ‘मालमत्ता’ म्हणतो तेव्हा अनेकदा जीवित, स्वातंत्र्य आणि संपत्ती हे तिन्ही त्यात धरतो. फक्त जमीनजुमला असा अर्थ घेतलात तर पुढचं सगळं उत्तर घसरतं.

रूसोच्या करारात (१७६२) प्रत्येकजण स्वतःला संपूर्णपणे समुदायाच्या हवाली करतो, आणि सार्वभौम म्हणजे तो समुदायच. सरकार हे त्याने नेमलेलं कारभारी मंडळ. ‘सार्वत्रिक इच्छा’ आणि बहुमत एकच, असं लिहू नका. सगळ्यांच्या खासगी इच्छांची बेरीज वेगळी आणि सर्वांच्या समान हिताकडे पाहणारी इच्छा वेगळी, असं तो स्पष्ट सांगतो. सार्वभौमत्वाला प्रतिनिधी चालत नाही, म्हणूनच इंग्रज जनता फक्त संसदेच्या निवडणुकीपुरतीच स्वतंत्र असते, असं त्याचं म्हणणं.

प्रश्न : मी कुठल्याही करारावर सही केलेली नाही. मग तो मला लागू कसा? (ठाणे)

उत्तर : ही शंका लॉकलाही ठाऊक होती. जो देशाच्या हद्दीत जमीन बाळगतो, राहतो, इतकंच काय, हमरस्त्याने नुसता प्रवास करतो, त्याने मूक संमती दिली आहे, असं त्याचं उत्तर. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८च्या निबंधात त्यावर घाव घातला. परकी भाषा न येणाऱ्या, रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या माणसाला देश सोडण्याची मोकळीक आहे, हे कोणी गांभीर्याने म्हणेल का? झोपेत जहाजावर चढवलेला माणूस समुद्रात उडी मारत नाही, म्हणून त्याने कप्तानाची सत्ता मान्य केली असं धरायचं का?

या मुद्द्यावर ह्यूमच बरोबर आहे, असं आमचं मत. पण लॉकचं बळ मूक संमतीत नाहीच. ते दोन दुसऱ्या ठिकाणी आहे. एक, लोकांच्या किंवा त्यांच्या प्रतिनिधींच्या संमतीशिवाय कर घेता येत नाही. दोन, संमती द्यायची तर समज हवी. मूल पूर्ण समानतेत जन्मत नाही, पण समानतेसाठी जन्मतं, असं तो म्हणतो. आईबापांचा अधिकार मुलाची बुद्धी पिकेपर्यंतच. शासनाच्या पुस्तकात बालसंगोपनाचं प्रकरण का आहे, याचं उत्तर इथे सापडतं. मुलाला विचार करायला शिकवलं नाही, तर मोठेपणी त्याची संमती कशाच्या जोरावर घेणार?

प्रश्न : ‘तुझं मत मला अमान्य आहे, पण ते मांडण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राण देईन’ हे व्हॉल्तेअरच्या कोणत्या पुस्तकात आहे? (सांगली)

उत्तर : या फ्रेंच लेखकाच्या कोणत्याही नाही. १९०६मध्ये एव्हलिन बीट्रिस हॉल यांनी त्याच्यावरील पुस्तकात त्याची वृत्ती सांगताना ते लिहिलं. भाषणात उदाहरणच हवं असेल तर ज्याँ कालासचं घ्या. मुलाच्या खुनाच्या आरोपावरून या प्रोटेस्टंट व्यापाऱ्याला १७६२मध्ये तुलूझ इथे हाल करून ठार मारण्यात आलं. व्हॉल्तेअरने प्रकरण लावून धरलं आणि १७६५मध्ये कालास निर्दोष ठरला.

प्रश्न : रूसोच्या ‘एमिल’मधला एखादा धडा वर्गात करून पाहायचा आहे. कोणता घ्यावा? (प्राथमिक शिक्षिका, चिपळूण)

उत्तर : ‘एमिल’ हे एका मुलाच्या शिक्षणाची गोष्ट सांगणारं पुस्तक. त्याच्या दुसऱ्या भागातला बागेचा प्रसंग घ्या. लहान एमिलला बागकाम करावंसं वाटतं. शिक्षक अडवत नाही, स्वतः मदतीला लागतो. दोघे बीन्स लावतात, रोज पाणी घालतात, अंकुर आलेले पाहून पोरगा हरखतो. तू इथे वेळ, श्रम, स्वतःचं काहीतरी घातलं आहेस, म्हणून हे तुझं, असं शिक्षक सांगतो. मग एके दिवशी रोपं उपटलेली दिसतात. रडारड होते. माळी रोबेर मात्र उलट जाब विचारतो : मी इथे माल्टाची खरबुजं लावली होती, तुम्हीच ती नासवलीत. शेवटी तो एक कोपरा देतो, पण बजावतो की माझ्या खरबुजांना हात लावलात तर तुमचं पीक उखडेन.

श्रमाने हक्क मिळतो, पण आधी कोणाचे श्रम तिथे पडले आहेत हेही पाहावं लागतं. एवढं सगळं मुलाला उपदेशाविना कळतं. रूसो बजावतो की इथे दोन पानांत मावलेल्या या गोष्टीला प्रत्यक्षात वर्ष लागेल.

वर्गात करताना रोपं मुद्दाम उपटायचं नाटक करू नका. ते उघडकीस आलं की मुलांचा तुमच्यावरचा विश्वास जातो. त्याऐवजी दोन गटांना एकच वाफा द्या, मधे हद्द आखू नका, आणि आठवड्याच्या अंतराने पेरायला सांगा. मेथी घ्या, चारेक दिवसांत उगवते. वाद होईलच. तेव्हा निवाडा लगेच देऊ नका. दोन्ही गटांना आपापला दावा मांडू द्या आणि नियम त्यांनाच लिहू द्या. बहुतेक ठिकाणी हा प्रयोग फसतो तो शिक्षक तात्पर्य आधीच सांगून टाकतात म्हणून.

दोन मर्यादा ध्यानात ठेवा. एमिलला पूर्णवेळ एक शिक्षक आहे. शाळेचा आराखडा या पुस्तकात नाही. आणि पाचव्या भागात एमिलची भावी पत्नी सोफी हिचं शिक्षण पुरुषाला रिझवण्यासाठी आखलेलं आहे. इथे रूसो आपलंच तत्त्व टाकून देतो. इंग्रज लेखिका मेरी वोलस्टनक्राफ्टने स्त्रियांच्या हक्कांवरील पुस्तकात १७९२मध्ये त्याला सडेतोड उत्तर दिलं, आणि शाळेचा आराखडाही : पाच ते नऊ वर्षांची मुलंमुली, गरीब-श्रीमंत, एकत्र, विनाशुल्क, एकसारख्या पोशाखात, शाळेभोवती मोकळी जागा, आणि एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बैठं काम नाही. शाळेसाठी तिचं हे प्रकरण ‘एमिल’पेक्षा जास्त उपयोगी आहे.

प्रश्न : आठवण म्हणजेच ‘मी’, असं लॉक म्हणतो. मग दारूच्या नशेत केलेला गुन्हा आठवत नसेल तर शिक्षा कशी? (वकील, नागपूर)

उत्तर : लॉकने हे प्रकरण मानवी आकलनावरील आपल्या ग्रंथाच्या १६९४च्या दुसऱ्या आवृत्तीत घातलं, आणि ‘व्यक्ती’ ही कल्पना मुळात न्यायनिवाड्याची आहे असं त्यातच म्हटलं. नशेबाजाबद्दल त्याचं उत्तर असं : कृत्य त्याच्याविरुद्ध सिद्ध होतं, विस्मरण त्याच्या बाजूने सिद्ध करता येत नाही, म्हणून न्यायालय शिक्षा देतं. हे उत्तर पुराव्याच्या अडचणीवर उभं आहे, ‘मी’च्या व्याख्येवर नाही. स्कॉटिश तत्त्वज्ञ टॉमस रीडने १७८५मध्ये नेमकी फट दाखवली. तरुण अधिकाऱ्याला लहानपणी फळं चोरल्याबद्दल बसलेला मार आठवतो. म्हातारपणी सेनापती झाल्यावर त्याला तारुण्यातला पराक्रम आठवतो, पण तो मार आठवत नाही. लॉकच्या कसोटीने सेनापती तो मुलगा आहेही (आठवणींच्या साखळीने) आणि नाहीही (मार आठवत नाही म्हणून).

ह्यूमला (१७३९) आत पाहिल्यावर थंडी, उष्णता, प्रेम, द्वेष अशा संवेदनांचा पुंजकाच दिसला, पण वर्षभरात पुरवणीत त्याने आपलं समाधान झालं नसल्याचं लिहिलं. कायम टिकणारा आत्मा नाही, या बौद्ध अनात्मवादाशी याचं साम्य दिसतं. तिथे मात्र रोख दुःखमुक्तीवर आहे.

प्रश्न : या विचारांचा महाराष्ट्राशी थेट संबंध आला का? (बंगळूर)

उत्तर : आला. जोतीराव फुले यांनी १८४७मध्ये टॉमस पेन यांचं मानवी हक्कांवरील ‘राइट्स ऑफ मॅन’ हे पुस्तक वाचलं. पुढच्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा निघाली. १८८२मध्ये सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या १२ वर्षांपर्यंत सक्तीचं करण्याची मागणी केली. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या कष्टातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांकडे वळतो, असा त्यांचा आक्षेप होता. लॉकचा कराचा मुद्दा आणि वोलस्टनक्राफ्टचा शाळेचा मुद्दा या एका निवेदनात शेजारी-शेजारी वाचायला मिळतात.